समोर बसलेले दगड

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात आवाजाची वानवा कधीच नसते. शिष्यवृत्ती रखडली, भरती लांबली, शेतमालाचा भाव पडला की इथे मंडप पडतो, भोंगा लागतो आणि जालना रोडवरची वाहतूक उड्डाणपुलाखाली तुंबते. शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याजवळ घसा बसेस्तोवर घोषणा देणाऱ्यांत कॉलेजची पोरं नेहमीच पुढे असतात. याच चौकातून ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा क्रांती मोर्चाचा पहिला मोर्चा निघाला, आणि त्याने चौकाची रीतच उलटी केली. कोपर्डीतल्या मुलीवरच्या अत्याचारानंतरचा आणि तिच्या हत्येनंतरचा तो मोर्चा मूक होता. विभागीय आयुक्त कार्यालयापर्यंत माणसं तोंड मिटून चालत गेली. पुढे राज्यभर असे पन्नासहून अधिक मोर्चे निघाले आणि त्यांचा एक शिरस्ता ठरून गेला: पुढारी मागे चालतील, मुली पुढे असतील, आणि शेवटी बोलायचं ते मुलींनीच.

महाराष्ट्राने त्या मुलींच्या धीटपणाचं कौतुक केलं, ते रास्तच होतं. पण त्याच वयाची मुलं-मुली वर्गात काय करतात, हे त्या कौतुकात कोणी विचारलं नाही. क्रांती चौकापासून विद्यापीठापर्यंत कुठल्याही महाविद्यालयात सेमिनारच्या आठवड्यात जाऊन पाहावं. हजेरीपटावरची नावं एकेक करून आजारी पडतात. कोणाच्या गावाकडे अचानक काम निघतं, कोणी सरांना गाठून ‘लिहून देतो, पण बोलायला लावू नका’ अशी तडजोड मांडतं. चौकात भोंग्यावर ओरडणारा पोरगा इथे पीपीटीच्या पहिल्याच स्लाइडवर त त प प करतो, आणि गॅदरिंगमध्ये हजार पोरांसमोर नाचलेल्या मुलीला पाच मिनिटांच्या विषयमांडणीने रात्रभर झोप लागत नाही. तेव्हा गर्दीची भीती हे काही याचं कारण दिसत नाही.

घोषणा देताना आवाज आपला असतो, पण तो कोणी वेगळा काढून तपासत नाही. सेमिनारमध्ये तो वेगळा निघतो, एकटा उभा राहतो आणि समोरचा माणूस हातात पेन घेऊन त्याला गुण देतो. विद्यार्थी बोलायला घाबरतात, अशी तक्रार करणारी महाविद्यालयं इथे थोडं आत वळून पाहत नाहीत. गुण द्यायचे असतील तेव्हाच आपण त्यांना बोलायला उभं करतो, एरवी नाही. भीतीची ही लागवड आपल्याच हातची आहे.

वास्तविक या शहराला बोलण्याचा वारसा थोडाथोडका नाही. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झालं आणि पुढे त्याच्या कुलगुरुपदावर प्राचार्य शिवाजीराव भोसले बसले. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या माणसाला ऐकायला लोक गावोगाव व्याख्यानमालांचे मांडव भरून टाकत. त्याआधी, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं मिलिंद महाविद्यालय इथे सुरू झालं आणि खेड्यापाड्यांतून, वाड्यावस्त्यांतून आलेल्या पहिल्या पिढीला व्यासपीठ मिळालं. नामांतराच्या लढ्यात, म्हणजे १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळेपर्यंत, दोन्ही बाजूंनी किती तरुण उभे राहून बोलले याची मोजदाद नाही.

या वारशाची एक दुखरी बाजूही आहे. वक्ता म्हणजे शिवाजीराव भोसलेंसारखा, ओघवता, टिपण न घेता तासभर बोलणारा, अशी एक मूर्ती मराठी मनात बसली. वाणी ही सरस्वतीची देणगी; ज्याला मिळाली त्याला मिळाली. मग शाळेतली वक्तृत्व स्पर्धा ही त्या देणगीची शोधमोहीम होऊन बसली. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, शिवजयंती, भीमजयंती. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथून सुरू होऊन ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ इथे संपणारं, गुरुजींनी लिहून दिलेलं, घरी घोकून घेतलेलं भाषण. ते म्हणणारी दोन-तीन मुलं ठरलेली असतात. पहिलीत जी निवडली गेली तीच दहावीपर्यंत उभी राहतात, ढाली घरी नेतात, आणि बाकीची पन्नास-साठ टाळ्या वाजवतात. बरं, त्या निवडलेल्या दोघा-तिघांनाही बोलणं येतं असं नाही. त्यांना पाठांतर येतं. मधला एक शब्द निसटला की तेही हेडमास्तरांच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. टाळ्या वाजवणारी पन्नास मुलं पुढे पदवीच्या शेवटच्या वर्षाला येतात तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा एकटी बोलायला उभी राहतात. तोवर वय वीस-एकवीस झालेलं असतं आणि पणाला असतात गुण, नाहीतर नोकरी.

या भीतीविषयी एक आकडा फार फिरवला जातो: माणसं मरणापेक्षा भाषणाला जास्त घाबरतात. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत तर तो पहिल्या पाच मिनिटांतच येतो. त्याचं मूळ १९७३ सालच्या एका अमेरिकन पाहणीत आहे. सुमारे अडीच हजार लोकांपुढे भीतींची यादी ठेवली होती. ४१ टक्क्यांनी भाषणावर खूण केली, १९ टक्क्यांनी मरणावर. पण हव्या तितक्या भीतींवर खूण करायची मुभा होती. २०१२ मध्ये ड्वायर आणि डेव्हिडसन या संशोधकांनी अमेरिकेतल्या ओमाहाच्या विद्यापीठात हेच विद्यार्थ्यांना विचारून पाहिलं. खुणा करताना भाषण पुन्हा वर आलं. सगळ्यांत मोठी भीती कोणती असं विचारल्यावर मात्र मरणच पहिलं निघालं. पोरं शहाणी आहेत. भाषणाची भीती सर्रास आढळते, एवढंच यातून घ्यावं. तिचा बाऊ करून शिबिराची फी आकारण्याइतकी ती अजब नाही.

खरी उद्‌बोधक गोष्ट वेगळीच आहे. १९९३ मध्ये जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या किर्शबाऊम, पिर्के आणि हेलहामर या तीन संशोधकांना एक अडचण होती. ताणाचा अभ्यास करायचा, तर प्रयोगशाळेत धडधाकट माणसाला हमखास ताण यायला हवा. तो आणायचा कसा? शॉक देता येत नाही, धमकावता येत नाही. त्यांनी जी युक्ती काढली ती जगभर ‘ट्रिअर सामाजिक ताण चाचणी’ म्हणून वापरली जाते. माणसाला तयारीला दहा मिनिटं द्यायची. मग तिघांच्या मंडळापुढे उभं करून, आपण या नोकरीला कसे योग्य आहोत, यावर पाच मिनिटं बोलायला लावायचं. समोरच्यांनी चेहऱ्यावरची रेघही हलवायची नाही. हसायचं नाही, मान डोलवायची नाही. बोलणारा आधीच थांबला तर ‘तुमचा वेळ अजून शिल्लक आहे, चालू ठेवा’ एवढंच म्हणायचं. त्यानंतर पाच मिनिटं तोंडी वजाबाकी: १०२२ मधून १३, पुन्हा १३, पुन्हा १३. चुकला की परत १०२२ पासून. एवढ्यावर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दुप्पट ते चौपट चढतं.

ज्याने कुठल्याही विषयाची व्हायवा दिली आहे त्याला हे वर्णन वाचून ओळख पटेल. बाहेरगावहून आलेले एक्स्टर्नल, बाजूला आपले इंटर्नल, दोघांच्या चेहऱ्यावर इस्त्री. एक उत्तर चुकलं की ‘मग बेसिकपासून सांगा’. माणसाला ताण देण्यासाठी शास्त्रज्ञांनी मुद्दाम डोकं लढवून जे उभं केलं, ते आपल्याकडे शिक्षण म्हणून दर सहामाहीला होतं, आणि पोरगं अडखळलं की आत्मविश्वास कमी असा शेरा त्याच्याच नावावर पडतो.

ट्रिअरच्या साच्यातले प्रयोग पुढे शेकड्यांनी झाले. डिकरसन आणि केमेनी यांनी २००४ मध्ये प्रयोगशाळेतल्या ताणाचे २०८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की दोन गोष्टी एकत्र आल्या की कॉर्टिसोल सर्वांत जास्त उसळतं: दुसरा आपलं मोल ठरवतो आहे ही जाणीव, आणि काहीही केलं तरी निकाल आपल्या हातात नाही ही जाणीव. २०१३ मध्ये जर्मनीतल्याच बोखुम विद्यापीठात ट्रिअरची चाचणी सौम्य करून घेतली गेली. समोरचे लोक हसतमुख, मान डोलावणारे ठेवले. कॉर्टिसोल चढलंच नाही.

आता आपल्याकडचा पिढीजात सल्ला आठवावा: ‘समोर सगळे दगड बसलेत असं समज आणि बोल.’ आजोबांपासून मास्तरांपर्यंत प्रत्येकाने तो दिलेला असतो. समोर खरोखर दगड बसवले की काय होतं, ते ट्रिअरच्या लोकांनी दाखवून दिलं आहे.

मराठवाड्यात या भीतीला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि उच्च शिक्षण उर्दूतून होतं. मराठीतून शिकता येऊ लागलं, तोवर पुण्याच्या मराठीला प्रमाणाचा मान मिळून गेला होता. आज बीड, जालना, धाराशिवच्या गावातून आलेला मुलगा इथल्या उस्मानपुऱ्यातल्या खोलीत ‘काय करायलास बे’ म्हणत मस्त गप्पा हाणतो. गावच्या पारावर तो तासभर एकटा बोलू शकतो. वर्गात उभा राहिला की त्याला आधी ‘करायलो’चं ‘करतोय’ करावं लागतं, आणि इंग्रजी माध्यमाचा विषय असेल तर त्याचंही भाषांतर. विचार एका भाषेत, लाज दुसऱ्या भाषेची आणि गुण तिसऱ्या भाषेला, अशा कसरतीत बोबडी वळली तर नवल नाही. अभिनेते मकरंद अनासपुरे यांनी हीच बोली पडद्यावर नेली तेव्हा सगळा महाराष्ट्र हसला आणि ते हसणं प्रेमाचं होतं. वर्गात पाठीमागच्या बाकावरून जे हसू येतं ते तसं नसतं, आणि त्यावर प्राध्यापकही कधी कधी हसतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २७५ गुणांच्या मुलाखतीत, मुख्य परीक्षा मराठीतून दिलेल्या उमेदवाराला मराठीत उत्तर देता येतं. गल्लीतल्या कॉलेजच्या सेमिनारला आयोगापेक्षा कडक सोवळं कशासाठी?

मोठी माणसं घाबरत नसत, हा आणखी एक समज. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत एका सभेत दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची हलाखी सांगायला एक तरुण बॅरिस्टर उभा राहिला. फिरोजशहा मेहतांनी त्याला भाषण आधी लिहून काढायला लावलं होतं, तरी सभा बघून त्याचं अंग कापायला लागलं, आवाज उमटेना. केशवराव देशपांडे यांनी कागद हातात घेऊन वाचायला सुरुवात केली. लोकांनी ‘वाच्छा, वाच्छा’ असा गलका केला, तेव्हा दिनशा वाच्छांनी ते वाचून पूर्ण केलं. सभेला ते पसंत पडलं. तो तरुण म्हणजे मोहनदास गांधी. काही वर्षं आधी मुंबईच्याच स्मॉल कॉज कोर्टात, तीस रुपये फीच्या खटल्यात, उलटतपासणीला उभं राहिल्यावर त्यांचं डोकं गरगरलं होतं आणि खटला दुसऱ्या वकिलाकडे सोपवून ते निघून गेले होते. आजच्या नियमांत त्यांना सेमिनारचे शून्य गुण पडले असते, कारण वाचलं दुसऱ्याने.

बाबासाहेबांचं उदाहरण वेगळ्या जातीचं आहे, आणि जास्त कामाचं. १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू असताना अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अचानक त्यांचं नाव पुकारलं. बाबासाहेबांनी पहिल्याच वाक्यांत मोकळेपणाने सांगून टाकलं की हे बोलावणं अनपेक्षित आहे, आपल्या आधी वीस-बावीस नावं असल्याने पाळी उद्या येईल असं वाटलं होतं, आज काहीच तयारी नाही, आणि वेळही दहाच मिनिटांची. मग ते बोलले, आणि ते भाषण संविधान सभेतल्या गाजलेल्या भाषणांत गणलं जातं. पाठीशी आयुष्यभराचं वाचन होतं, हे तर खरंच. तरी पहिल्या मिनिटात स्वतःची अडचण श्रोत्यांपुढे उघड मांडण्याची ती रीत कोणालाही उचलता येईल.

अडचण उघड केली की ती लपवण्याची धास्ती राहत नाही; त्या धास्तीवर एक प्रयोगही झाला आहे. सावित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये भाषण देणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना आधी एवढंच समजावून सांगितलं, की तुमच्या छातीतली धडधड तुम्हाला वाटते तितकी समोरच्यांना दिसत नाही. त्या विद्यार्थ्यांची भाषणं इतरांपेक्षा सरस झाली. स्वतःच्या मते आणि ऐकणाऱ्यांच्या मतेही. घाबरलेला माणूस दुहेरी घाबरतो: एकदा विषयाला, एकदा आपण घाबरलेले दिसतोय याला. दुसरी भीती काढून टाकणं त्यातल्या त्यात सोपं. २०१४ मध्ये हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी दाखवलं की बोलण्याआधी स्वतःला ‘शांत हो’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह आलाय’ म्हणणारे चांगलं बोलतात. धडधड दोन्हीकडे तीच. वाढलेले ठोके हुकमावर खाली येत नाहीत, त्यांना नाव मात्र बदलून देता येतं. तेव्हा ‘घाबरू नकोस’ हा सल्ला देणाऱ्यांनी आता थोडी विश्रांती घ्यायला हरकत नाही.

बाकीच्या युक्त्या साध्या आहेत. संपूर्ण भाषण पाठ करू नये. पहिली तीन-चार वाक्यं मात्र झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील इतकी पक्की असावीत, कारण धडधड सुरुवातीलाच सर्वांत जास्त असते. पुढचं मुद्द्यांच्या चिठ्ठीवर. आरशासमोर सराव करण्यापेक्षा खोलीतल्या दोन मित्रांसमोर करावा, मग पाचांसमोर, मग रिकाम्या वर्गात, त्याच जागेवर उभं राहून. आणि अडखळल्यावर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवावं. इथे वारकरी कीर्तनाकडे बघण्यासारखं आहे. पैठण इथून पन्नासेक किलोमीटरवर आहे. नाथषष्ठीला तिथे कीर्तनाला उभं राहिलेल्या बुवांच्या मागे टाळकरी असतात. बुवांनी खूण केली की ते चरण उचलून धरतात, गजर करतात, मृदंग बोलतो. तेवढ्यात बुवांना श्वास मिळतो, पुढचा दृष्टांत जुळवता येतो, आणि श्रोत्यांना तो खंड न वाटता रंग वाटतो. शेकडो वर्षं एकट्याने उभं राहून बोलणाऱ्या या परंपरेने बोलणाऱ्याला एकटं ठेवलं नाही. सेमिनारमध्ये दोघांनी मिळून विषय मांडायचा, एक अडला की दुसऱ्याने धागा घ्यायचा, एवढी सूट दिली तरी टाळकऱ्यांचं काम भागेल.

काहींच्या बाबतीत मात्र प्रकरण युक्त्यांपलीकडचं असतं. आठवडाभर आधीपासून जेवण जात नाही, परीक्षा बुडवली जाते, कोर्स सोडावासा वाटतो. वैद्यकशास्त्रात याला सामाजिक चिंताविकार म्हणतात, आणि डीएसएम-५ या २०१३ च्या निदान-संहितेत केवळ लोकांसमोर काही सादर करण्यापुरता त्रास होणाऱ्यांची वेगळी नोंद आहे. त्यावर समुपदेशनाने, गरज पडल्यास औषधाने, बराच फरक पडतो. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन विनाशुल्क आहे आणि मराठीतही बोलता येतं. छातीची धडधड दाबणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेणं मात्र धोक्याचं. दमा असणाऱ्याला ती जिवावर बेतू शकते.

विद्यार्थ्यांनी काय करावं हे सांगायला सगळेच तयार असतात. महाविद्यालयांनी काय करावं हे कमी वेळा सांगितलं जातं, म्हणून त्यांच्या पदरात थोडं जास्त घालायला हवं. पहिल्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने वर्गासमोर दोन मिनिटं बोलावं, गुणांशिवाय, आपल्या बोलीत, हव्या त्या विषयावर: गावची जत्रा, कापसावरची बोंडअळी, मेसची भाजी. वेळ कुठून आणायचा, हा पहिला आक्षेप. ऐंशीच्या वर्गाला एकूण एकशे साठ मिनिटं लागतात; अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासिका धरल्या तर साडेतीनपेक्षाही कमी. संपूर्ण सत्रात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बाहेरची दुनिया काही मान डोलावत बसत नाही. मुलाखतीचं मंडळ कडकच असणार. मग इथे लाड कशाला? पण मराठवाड्यात पोरांना पोहायला शिकवतात ते विहिरीतच, आणि विहीर खोलच असते. फरक एवढाच, की पहिले काही दिवस पाठीला डबा बांधलेला असतो. डबा बांधला म्हणून पोरगं पुढे बुडालं, असं कोणी ऐकलेलं नाही. शेवटच्या वर्षी व्हायवा कडक घ्यायची असेल तर जरूर घ्यावी. आधीच्या सत्रांत त्या मुलाला पाण्यात उतरवलं होतं का, एवढं हजेरीपट बघून तपासावं.

व्यासपीठं नव्याने बांधायचीही गरज नाही. आपल्या महाविद्यालयांत कार्यक्रमांचा तुटवडा आहे असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. पाहुणे येतात, दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं; मग प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सूत्रसंचालन आणि ताटकळलेल्या प्रेक्षकांना आणखी दहा मिनिटं बसवणारं आभारप्रदर्शन. यातलं सूत्रसंचालन बहुधा वर्षानुवर्षं एकाच प्राध्यापकाकडे किंवा ढाली जिंकलेल्या त्याच मुलीकडे असतं, आणि परिचयात पाहुण्यांच्या पदव्या वाचल्या जातात. हे सगळं दर वेळी नव्या, आजवर न बोललेल्या चौघांना वाटून द्यावं. प्रत्येकाला दोन मिनिटं. चुकतील, अडखळतील, पाहुण्यांचं आडनाव चुकीचं घेतील. पाहुणे रागावणार नाहीत, आणि आभारप्रदर्शन आटोपशीर झालं तर सभागृह उलट खूशच होईल.